आधी क्रियापद शोधा, मग अ‍ॅडव्हर्ब

इंदूरच्या भंवरकुआ भागात एसएससीच्या (म्हणजे दहावी नव्हे, सरकारी नोकरभरतीच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी करायला नव्यानं आलेल्या मराठी घरांतल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. घरात मराठी, शाळेतलं व्याकरण हिंदीतून आणि पेपर इंग्रजीचा. शब्दयोगी अव्यय, संबंधबोधक, प्रेपोझिशन अशी एकाच गोष्टीची तीन-तीन नावं डोक्यात असतात आणि वाक्य समोर आलं की हात अडतो. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो. ‘या शब्दाची जात ओळखा’ असं सरळ विचारलं नाही, तरी वाक्यातली चूक शोधायला सांगतात तेव्हा बऱ्याचदा हेच ज्ञान तपासलेलं असतं.

शेवटी एल-वाय दिसलं की अ‍ॅडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, ही खूण सगळ्यांना पाठ असते. क्विकली, स्लोली यांच्यापुरती ती ठीक आहे. पण फ्रेंडली, लव्हली, लोनली ही विशेषणं आहेत. आणि फास्ट, वेल, सून यांना एल-वाय नसूनही ती अ‍ॅडव्हर्ब म्हणून येतात. ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती खूप मेहनत करते. ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती जवळजवळ काही करतच नाही! म्हणून शब्दाच्या रूपावर विसंबू नका. तो वाक्यात कोणाला जोडला आहे, ते पाहा.

मी शिकवताना पहिल्यांदा क्रियापदाखाली रेघ मारायला लावते. ‘द बस फ्रॉम उज्जैन अराइव्ड व्हेरी लेट येस्टरडे.’ रेघ अराइव्डखाली. केव्हा आली? येस्टरडे. वेळेवर आली का? नाही, लेट. दोन्ही अ‍ॅडव्हर्ब. मग व्हेरी? त्याचा क्रियापदाशी थेट संबंध नाही, ते लेटची तीव्रता सांगतं. अ‍ॅडव्हर्ब दुसऱ्या अ‍ॅडव्हर्बबद्दलही बोलतो तो असा. आणि फ्रॉम उज्जैन? कुठली बस, याचं ते उत्तर, म्हणजे हे दोन शब्द मिळून विशेषणाचं काम करतात. एवढ्या एका वाक्यावर अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं मी मानत नाही.

बिफोर हा शब्द तर मला फार आवडतो. ‘आय हॅव सीन हिम बिफोर’ यात त्याच्यापुढे काहीच नाही, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. ‘बिफोर लंच’ यात पुढे नाम आहे, म्हणून प्रेपोझिशन. ‘बिफोर ही केम’ यात पुढे कर्ता-क्रियापदासह अख्खं उपवाक्य आहे, म्हणून कंजंक्शन, म्हणजे उभयान्वयी अव्यय. पुढे काय आलंय ते पाहायची सवय लागली की आफ्टर आणि सिन्सही सुटतात. ‘कम इन’ आणि ‘इन द रूम’ यांतला फरकही याच रीतीनं कळतो.

आपल्याला आणखी एक अडचण येते ती मराठीमुळे. आपण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ म्हणतो. गाणं कसं आहे ते सांगणारा शब्दही इथे विशेषणासारखा लिंगानुसार बदलतो. त्या सवयीनं ‘शी सिंग्ज गुड’ लिहिलं जातं; तिथे वेल हवं. पण लगेच सगळीकडे वेल आणि एल-वाय लावत सुटू नका. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’ हेच बरोबर, कारण स्वीट आंब्याचं वर्णन करतं, चाखण्याच्या क्रियेचं नाही. अशा क्रियापदाच्या जागी इज घालून बघा. ‘द मँगो इज स्वीट’ जमलं, म्हणजे विशेषणच. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला, ‘ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द वेटर’ म्हणजे त्यानं वेटरकडे रागानं पाहिलं. परीक्षेत फसवायला ही जोडी अगदी सोयीची असते.

नॉट आणि नेव्हर हेसुद्धा अ‍ॅडव्हर्बच, ते बरेच जण सोडून देतात. माय, धिस यांना जुन्या व्याकरणात विशेषण म्हणतात, नव्यात डिटर्मिनर; त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, पर्यायांत जे नाव असेल ते घ्या.

सरावासाठी यादी पाठ करण्यापेक्षा इंग्रजी पेपरातली रोज चार-पाच वाक्यं घ्या, प्रत्येक शब्दावर जात लिहा आणि मगच शब्दकोश उघडा. तिथे एका शब्दापुढे दोन-तीन जाती दिलेल्या दिसल्या, तर आपल्या वाक्याला कुठली लागू पडते ते ठरवा आणि तसं का, ते वहीत एका ओळीत लिहा.