जॉर्ज राजाची नोट घेण्याआधी मोबाईलचा पांढरा स्क्रीन

ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या जुन्या नोटा वरून कोऱ्या करकरीत दिसतात, घरी आणल्यावर डागडुजी कळते. मी आता असं करतो:

१. मोबाईलवर कोरं पांढरं चित्र पूर्ण उजेडात लावा आणि नोट त्यावर अलगद धरा.
२. रिकाम्या जागेत राजाच्या डोक्याचं जलचिन्ह (कागदातच असलेली, उजेडात दिसणारी खूण, वॉटरमार्क) दिसायलाच हवं. नुसतं वरून छापलेलं वाटलं तर नोट परत करा.
३. घडीवर गडद पट्टी म्हणजे मागून कागद चिकटवलाय.

डाव्या कडेची पिनेची भोकं बघून बिचकू नका. बँकेत गड्ड्या तशाच टाचत. उलट बुजवलेली भोकं दिसली तर किंमत पाडून मागा.

घडी मोडायला इस्त्री मात्र कधीच फिरवू नका.