गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती पिढ्यांतून कशी उतरते, साखळी कुठे तोडायची

बीटी कपाशी म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी कपाशी. हे विष मूळचे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे. ते अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनाला चिकटते आणि आतड्याला भोके पाडते. क्राय १ एसी या बीटी विषासाठी हे प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. त्याचा जनुक बिघडला की विषाला चिकटायला जागा उरत नाही.

हा बिघाड सुप्त असतो. आईकडून आणि बापाकडून, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच अळी तगते. शंभर प्रतींत एक बिघडलेली असेल तर तगणारी अळी दहा हजारांत एक. दहांत एक झाली की थेट शंभरात एक. म्हणून पहिली काही वर्षे शेतात काहीच दिसत नाही.

बिगर-बीटी झाडांवर वाढलेले साधे पतंग अशा तगलेल्या पतंगांशी जुळले की पिल्लांना एकच बिघडलेली प्रत मिळते आणि बीटी बोंडात ती मरतात. त्यामुळे बिगर-बीटी बियांचे वेगळे पाकीट आले तर त्याच दिवशी कडेने किमान पाच ओळी लावा. बी मिसळूनच आले असेल तर बिगर-बीटी झाडे उपटू नका. सोबत तूर आली असेल तर ती अमेरिकन बोंडअळीच्या कामाची. गुलाबी अळी तुरीवर वाढत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक संकरित वाणांत एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असते, काहींत नसते. शिवाय झाड म्हातारे झाले की विष उतरते. या अपुऱ्या मात्रेत एकच बिघडलेली प्रत असलेली अळीही वाचू शकते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात राखणे, घातक ठरते ते यामुळेही.

मराठवाड्यात आता गुलाबी अळी बीजी-२ (दोन विषांची बीटी कपाशी) मधल्या दोन्ही विषांना दाद देत नाही. २०१७ च्या हंगामात हे उघड झाले. तेव्हा निव्वळ कडेच्या ओळींवर विसंबू नका. जूनआधी लागवड टाळा. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली.

सापळ्यासोबत बोंडही फोडून बघाच. एकरी वीस हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून तोडा. अळी शिरल्याचे छिद्र बुजून जाते, त्यामुळे बाहेरून बोंड धडधाकट दिसते. आत मात्र दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मध्ये गुलाबी अळी. वीसांत दोन बोंडे अशी निघाली तरी फवारणी घ्या. न उमललेल्या डोमकळ्या दिसतील तिथल्या तिथे तोडून अळीसकट नष्ट करा.

डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नका. जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत, कारण सरकीतल्या सुप्त अळ्यांचे पतंग तिथूनच पुढच्या कपाशीवर येतात.