शाळा सुरू होतेय? आधी झोप, मग दप्तर, अभ्यास त्याच्या नंतर

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आपण वह्यांना कव्हरं घालण्यात आणि लेबलं चिकटवण्यात इतके गुंततो ना, की पोरगं रोज रात्री साडेअकराला झोपतंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि मग पहिल्याच दिवशी सकाळी घरात जो तमाशा होतो तो शेजारपाजारी सगळ्यांना ऐकू जातो. मी पण बरीच वर्षं हेच केलंय. मोठी आता नववीत, धाकटा सहावीत, आणि एवढ्या वर्षांत एक कळलंय की पहिल्या महिन्यात मार्कांचा विचारच करायचा नाही. त्या महिन्यात फक्त गाडी रुळावर आणायची, आणि आपण हळूहळू बाजूला व्हायचं.

सुरुवात झोपेपासून. शाळेच्या दहा-बारा दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं वेळ अलीकडे आणायची, एकदम दोन तास नाही. आणि गंमत म्हणजे झोपायची वेळ नाही, उठायची वेळ आधी बदलायची. सकाळी लवकर उठवून पडदे उघडले, जरा उजेडात बाहेर नेलं की रात्री झोप आपोआप लवकर येते. उलटं केलं, म्हणजे नुसतंच "झोप आता" म्हणत बसलं, तर ते अंधारात टक्क जागं आणि आपण वैतागलेलो. किती झोप हवी? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलेला आकडा असा की ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वाल्यांना ८ ते १० तास. म्हणजे सकाळी सहाला उठायचं असेल तर सहावीतलं मूल नऊला झोपलेलं पाहिजे, नऊला "चला आता आवरा" नाही. टीनएजर मुलांचं थोडं वेगळं असतं, त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे मुलगी दहाला म्हणाली की झोपच येत नाहीये तर ती नाटक करत असेलच असं नाही. पण मोबाइल खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा हे मात्र पक्कं, आणि त्यात आईबाबांचा पण मोबाइल आला (हे आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं, मुलांना नाही, आम्हाला).

मग दप्तर. दप्तर रात्रीच भरायचं आणि मुलानेच भरायचं. आपण फक्त एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा: उद्याचं वेळापत्रक, कंपासपेटी, बाटली, सही हवी असलेले कागद, बूट-मोजे दाराशी. पाचच गोष्टी, जास्त लिहिल्या की कुणी वाचत नाही. आता खरी परीक्षा आपली असते, कारण पहिल्या आठवड्यात काहीतरी राहणारच आणि आपले पाय शिवशिवणार शाळेत नेऊन द्यायला. नाही जायचं. धाकट्याची कंपासपेटी राहिली तेव्हा मी चप्पल पायात घातली होती अक्षरशः, पण थांबले. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "मित्राची घेतली, पण त्याची पट्टी तुटकी होती." एवढंच. जग बुडालं नाही.

आठवड्यातून एकदा दप्तर पालथं करायचं. आमच्याकडे निघालेलं सामान: दोन रिकाम्या बाटल्या, गेल्या महिन्याची सूचना, एक दगड ("तो चांगला आहे, टाकू नको"). अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना बरीच वर्षं सांगत आलीय की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० ते २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ ते ६ किलो. १० च्या जवळ राहिलेलं उत्तम असं मी धरते. दोन्ही पट्टे खांद्यावर, एका खांद्यावर लटकवून नाही.

आता अभ्यास. बहुतेक घरांत अभ्यास म्हणजे धडा परत परत वाचणे. धाकट्याने पचनसंस्थेचा धडा तीनदा वाचला आणि म्हणाला, येतं मला. मी म्हटलं पुस्तक मिट आणि सांग. "तोंडात चावतो, मग अन्ननलिका, मग जठर... मग मोठं आतडं... आणि संपलं." लहान आतडं गायब! जिथे अन्नातलं बहुतेक सगळं शोषलं जातं तेच गायब. पुस्तक उघडून बघितलं, स्वतःच कपाळावर हात मारला, आणि आता ते लहान आतडं तो जन्मात विसरणार नाही. वाचताना ओळखीचं वाटतं म्हणून आपल्याला येतंय असा भास होतो, पुस्तक मिटल्यावर खरं काय ते कळतं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासून बघितलं होतं: पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून रोज दहा मिनिटं, पुस्तक मिटून, आज शिकवलेलं सांगायचं किंवा कोऱ्या कागदावर लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. तेच परत दोन-तीन दिवसांनी, परत आठवड्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सगळ्यात जोरात सुरुवातीलाच होतं, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात पडतं.

गणिताचं मात्र आधी मागचं बघा. गेल्या वर्षीच्या अपूर्णांकांची दहा गणितं सोडवायला द्या, अडकला तर तिथेच काम करा, कारण बीजगणित अडतं तेव्हा बऱ्याचदा खाली अपूर्णांकच कच्चे असतात.

डोळे तपासून घ्या, हे मी ओरडून सांगेन. मोठी चौथीत असताना फळ्यावरचे ८ चे ३ करून आणायची, सगळे म्हणायचे हिचं लक्षच नसतं, मी पण रागवायचे, आणि निघाला चष्म्याचा नंबर. अजून वाईट वाटतं. मूल डोळे बारीक करत असेल, पुस्तक नाकाला लावत असेल, फळ्यावरचं अर्धवट उतरवत असेल तर आधी डॉक्टर, ओरडणं मग.

शिक्षकांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच भेटा, तक्रार नसताना. घरात काही बदललं असेल, मूल वाचताना अडखळत असेल, सगळ्यांसमोर उत्तर द्यायला घाबरत असेल, तर सांगून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

घरी आल्या आल्या दारातच "आज काय झालं शाळेत?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही." हातपाय धुऊन खाऊन होऊ दे, मग बारीक प्रश्न विचारा. डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं? आज कुणाला हसू आवरलं नाही? आणि एक प्रश्न जो कुणीच विचारत नाही, शाळेतल्या टॉयलेटला जाता येतं का. घाण असतं म्हणून किंवा विचारायला लाज वाटते म्हणून पाणीच न पिणारी मुलं असतात, आणि आपण म्हणतो हा दुपारी चिडचिड का करतो. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही, असं दोन आठवड्यांच्या पुढे चाललं तर नुसतं नाटक म्हणून सोडू नका, कुणी त्रास देतंय का ते शांतपणे काढून घ्या, आणि डॉक्टरांनाही एकदा दाखवा.

खेळ रोज तासभर, जागतिक आरोग्य संघटना पण ५ ते १७ वर्षांसाठी साधारण तेवढाच सांगते. नवीन क्लास पहिल्या महिन्यात लावायचे नाहीत.

महिना झाला की मुलाला घेऊन बसायचं आणि विचारायचं, यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, आणि एक गोष्ट खरंच त्याच्या म्हणण्याप्रमाणे काढायची. आमच्याकडे धाकट्याने कपाटावरचा कागद काढला. "आता नको, येतं मला." तिसऱ्या दिवशी कंपासपेटी टेबलावरच. मी बघितली, आणि तिथेच राहू दिली.