दाताच्या इंजेक्शनची भीती वाटते? जायच्या आधी आणि खुर्चीत बसल्यावर काय करायचं

माझी खालची उजवी दाढ जवळजवळ वर्षभर किडत होती आणि मी लवंग धरून, रात्री पेनकिलर घेऊन दिवस काढत होते, कारण दाताच्या डॉक्टरकडे गेलं की सुई येणार हे डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी गाल सुजला तेव्हा गेले, आणि तिथे कळलं की पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते म्हणून भुलीचं औषध तिथे नीट चढत नाही. जी सुई एकदा घेऊन भागलं असतं ती मला तीनदा घ्यावी लागली. म्हणून सगळ्यात पहिली गोष्ट हीच सांगते, दाढ ठणकायची वाट बघू नका, लवकर जा. कीड वरवरची असताना गेलं तर सिमेंट भरायला बऱ्याचदा सुई लागतही नाही, आणि नुसत्या सफाईला तर सहसा नाहीच.

आता पायरी पायरीने.

आधी फोनवरच सांगून टाका. लाजू नका, मोठ्या मोठ्या माणसांना ही भीती असते आणि डॉक्टरांना ती रोज दिसते. सरळ म्हणायचं, "मला इंजेक्शनची खूप भीती वाटते, पहिल्या दिवशी फक्त तपासा, सुई पुढच्या वेळी." अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची घ्या, दिवसभर वाट बघण्यात भीती वाढत जाते. रक्त काढताना किंवा लस घेताना कधी चक्कर आली असेल तर ते नक्की सांगा, आणि बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या, अॅलर्जी, प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर तेही.

तीन गोष्टी मागून घ्या. हा भाग नीट वाचा, माझा सगळा फरक इथेच पडला.

एक, सुईच्या आधी बधिर करणारं जेल किंवा स्प्रे. हिरडी कापसाने कोरडी करून जेल लावायचं आणि एक-दोन मिनिटं थांबायचं, घाईत लावून लगेच सुई टोचली तर त्याचा उपयोग होत नाही. ते फक्त वरचा थर बधिर करतं पण टोचल्याचा पहिला झटका त्याने बराच कमी होतो.

दोन, औषध हळू सोडा म्हणून सांगा. आपल्याला वाटतं सुईच दुखते, पण सुई फार बारीक असते, जास्त दुखतं ते औषध भरभर आत गेल्यामुळे, कारण आतली जागा एकदम ताणली जाते. औषधाची एक कार्ट्रिज, म्हणजे सिरिंजमध्ये बसवायची छोटी नळी, साधारण १.८ मिलीची असते, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी, तेवढं सोडायला मिनिट-दीड मिनिट घेतलं तर नुसता दाब जाणवतो. दुसऱ्या वेळी ज्या डॉक्टर मॅडम होत्या त्यांनी अंगठ्याने माझा गाल धरून सारखा हलवत ठेवला होता आणि तेवढ्यात हळूहळू औषध सोडलं, मला हिरडीत नख दाबल्यासारखं वाटलं, बस तेवढंच. टाळूचं इंजेक्शन मात्र थोडं जास्त लागतं, तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, ते आधीच माहीत असलेलं बरं.

तीन, थांबायची खूण ठरवा. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. तोंड उघडं असताना बोलता येत नाही आणि अर्धी भीती त्या अडकल्यासारखं वाटण्याचीच असते.

तुमची भीती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा. काहींची छाती धडधडते, घाम येतो. त्यांनी श्वास नाकाने हळू घ्यायचा आणि त्याहून जास्त वेळ लावून सोडायचा, चार मोजत घेतला तर सहा मोजत सोडायचा. पण काहींना सुई बघून डोळ्यापुढे अंधारी येते, त्यांचं बीपी आणि नाडी एकदम खाली जाते, आणि त्यांना अंग सैल सोडा सांगणं उलट चुकीचं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यासाठी एक साधा उपाय मांडला: हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडायचे, २०-३० सेकंद थांबून परत, असं पाच वेळा. घरी आठवडाभर रोज करून बघा म्हणजे तिथे आपोआप जमतं. आणि खुर्ची आडवी करायला सांगा, आडवं असलं की चक्कर सहसा येत नाही.

उपाशी जाऊ नका. नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनला उपाशी राहायची गरज नसते, पोहे, पोळी-भाजी काहीतरी खाऊन जा. गुंगीचं औषध देणार असतील तर मात्र डॉक्टर सांगतील तसंच.

प्रत्यक्ष सुईच्या वेळी डोळे मिटा, सिरिंज समोर आणू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. पायाची बोटं बुटात एकेक करून हलवत राहा, हे मला गाण्यांपेक्षा जास्त कामाला आलं. डोकं मात्र हलवायचं नाही.

नंतर दोन-तीन मिनिटं छातीत धडधड झाली तर घाबरू नका, भुलीच्या औषधात बहुतेक वेळा थोडं अॅड्रेनालिन, म्हणजे हृदयाचे ठोके वाढवणारं द्रव्य असतं, त्याचा परिणाम आपोआप ओसरतो. जास्त वेळ राहिली किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच सांगा. ओठ सुजल्यासारखा जड वाटतो पण आरशात बघा, सुजलेला नसतो. काम सुरू करायच्या आधी बधिर झालंय का ते तपासून घ्यायला लावा आणि लागलं तर हात वर करा, अजून भूल देता येते. बधिरपणा दोन-चार तास राहतो, तोवर गरम चहा नको आणि चावून खाणंही नको.

मुलांच्या बाबतीत एक विनंती. "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे घरात कधीच म्हणू नका, आणि "सुई नाहीच" असं खोटंही सांगू नका, एकदा फसवलं की ते मूल पुढे कोणाचंच ऐकत नाही. "थोडं टोचेल, मग दाढ झोपेल" एवढं पुरे. भूल उतरेपर्यंत लक्ष ठेवा, मुलं बधिर ओठ चावून जखम करून घेतात.

इतकं करूनही दारातूनच परत फिरावं लागत असेल तर समुपदेशकाची मदत घ्या. ते आधी सुईचा फोटो, मग रिकामी सिरिंज हातात, मग नुसतं क्लिनिकमध्ये जाऊन बसणं असं टप्प्याटप्प्याने नेतात. काही क्लिनिकमध्ये नाकाने द्यायचा नायट्रस ऑक्साइड गॅसही असतो, माणूस जागा राहतो पण भीती बोथट होते, फोनवर विचारून बघा. आणि तुम्हाला ज्याने बरं वाटलं ते डॉक्टरांना तुमच्या केसपेपरवर लिहून ठेवायला सांगा. माझ्या पेपरवर लिहिलंय, "जेल दोन मिनिटं, हळू सोडणे, सिरिंज दाखवू नये."