आम्लारीतून वीज जाते का बघताय? आधी या चुका टाळा

आम्लारीच्या (म्हणजे बेसच्या, जसा कॉस्टिक सोडा) द्रावणात दोन वायरी बुडवून दिवा पेटवायचा, एवढा सोपा प्रयोग, पण मुलांची निरीक्षणं दरवर्षी चुकतात आणि चुकतात ती बहुतेक पाण्यामुळेच.

पावसाळ्यातला किस्सा सांगते. कॉस्टिक सोड्याच्या म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या बशीत काढून ठेवल्या होत्या, एका मुलीने वायरी टेकवल्या तर एलईडी चक्क लागला! धड्यात तर घन अवस्थेत वीज वाहत नाही असं दिलेलं. नीट बघितलं तर गोळ्या चकचकीत ओल्या झालेल्या, हवेतला दमटपणा ओढून घेतात ना त्या, वरच्या त्या पातळ थरात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मोकळे झाले आणि त्यांनी वीज नेली. आतले आयन स्फटिकात जागच्या जागी अडकलेले असतात, 318 अंशांना गोळी वितळली तरच ते हलतात. म्हणून बाटली उघडल्या उघडल्या कोरडी गोळी तपासा, चिमट्याने धरून आणि चष्मा लावून, हाताने अजिबात नाही.

दुसरं म्हणजे नळाचं पाणी. त्यात क्षार असतातच, त्यामुळे नुसत्या पाण्यातही एलईडी मिणमिणतो आणि अमोनियाच्या पातळ द्रावणातही तसाच, मग फरक कळणार कसा? डिस्टिल्ड वॉटर घ्या, आधी तेच तपासा, आणि दर वेळी वायरी धुवा. अमोनिया सौम्य आम्लारी आहे, 0.1 मोलार इतक्या पातळ द्रावणात त्याचे जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास रेणू आयन देतात, मंद उजेड हेच बरोबर उत्तर आहे.

टॉर्चचा बल्ब नाही लागला म्हणून "वीज वाहत नाही" असं लिहून टाकू नका, त्याला करंट जास्त लागतो. 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी घ्या, एलईडीचा लांब पाय प्लसकडे. घरातली 230 व्होल्टची लाईन कधीच नाही!

ॲल्युमिनियमची फॉइल पण नको, कॉस्टिक सोड्यात ती विरघळते आणि बॅटरी न जोडताच हायड्रोजनचे बुडबुडे येतात, मुलांना वाटतं विजेनेच आले. पेन्सिलचं शिसं वापरा, ते ग्रॅफाइट असतं.

आणि पेपरात "द्रावणातून इलेक्ट्रॉन वाहतात" लिहिलं तर मार्क गेलेच, इलेक्ट्रॉन वायरीत, द्रावणात आयन, त्यातही हायड्रॉक्साइड आयन सोडिअमपेक्षा जवळपास 4 पट जास्त वीज वाहून नेतो.