प्लगच्या होलमध्ये ऑईल दिसलं तर

स्पार्क प्लगवर बसणारी, त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल उपसली आणि तिचं रबर ऑईलने माखून बाहेर आलं, तर प्लग पान्याला अजून हात लावू नका. प्लग सैल झाला की होलमध्ये साचलेलं ऑईल तळाच्या मातीसकट थेट सिलिंडरमध्ये उतरतं. थेंबभर धूर होऊन जळून जाईल. पण जास्त गेलं तर स्टार्टर मारताना पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून आधी होल कोरडं, मग प्लग.

सामान आदल्या दिवशीच जमवा. जाड सिरिंज आणि तिच्या तोंडाला घट्ट बसणारी बारीक नळी हवीच, कारण नुसत्या फडक्याने तळातलं ऑईल निघत नाही, भिंतींना लागत राहतं. सोबत धागे न सुटणारं सुती कापड, ते गुंडाळायला लांब स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, चष्मा, ब्रेक क्लीनर, आतून रबर असलेला प्लग पाना (बऱ्याच गाड्यांना १६ मिमी) आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा. सगळ्यात महत्त्वाचं, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि होलभोवतीची सीलं. ऑईल बहुतेक वेळा तिथूनच झिरपतं. सील न बदलता केलेली सफाई म्हणजे गळक्या छपराखाली लादी पुसणं. काही इंजिनांत ही सीलं कव्हरमध्येच ठोकलेली असतात, तेव्हा पार्ट मागवण्याआधी विचारून घ्या.

इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. प्लग ज्यात बसतो ते हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे मरतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कॉइलवर आकडे घाला. आधी सिरिंजने ओढा, मग कापड, मग थोडा ब्रेक क्लीनर आणि पुन्हा कापड. क्लीनर पेट घेतो, म्हणून हवेशीर जागा हवी आणि आसपास विडी-सिगारेट अजिबात नको. कॉइलच्या रबरावर तो मारू नका. रबर कोरड्या कापडाने पुसा, फुगलं किंवा चिरलं असेल तर बदला. हवा मारायची ती शेवटी, चष्मा लावून.

नवा प्लग आधी हातानेच फिरवा. १४ मिमी आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर पुरतात, तरी गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा मानावा. आठवड्याने एक कॉइल उपसून टॉर्चने आत बघा.