शेजारचा क्लब मोठा असताना पोरं आपल्याकडे कशी टिकवायची

एका डर्बीला, म्हणजे शेजारच्या फुटबॉल क्लबविरुद्धच्या मॅचला, आम्ही दोनशे कागदी झेंडे वाटले. मॅच संपल्यावर त्यातले दीडशेच्या वर मीच बाकांखालून गोळा केले. काहींवर बुटाचे ठसे, काहींच्या काड्या काढून पोरांनी तलवारबाजी केलेली. फुकट वाटायच्या वस्तूंवरचा माझा विश्वास त्या संध्याकाळी उडाला.

मी क्लबच्या सामानखोलीचा माणूस. जाळ्या, बिब (संघ ओळखू यावा म्हणून जर्सीवरून चढवायच्या बंड्या), पंप, कॉर्नरचे झेंडे, सगळं माझ्या ताब्यात. पोरांना क्लबाकडे ओढायचं काम मला कुणी दिलं नव्हतं. पोरं सामानखोलीच्या दाराशी घुटमळतात आणि कमिटीतल्यांना तिथे यायचा कंटाळा येतो, म्हणून ते माझ्याकडे आलं. तेव्हा पुढचं सगळं त्या दारातून पाहिलेलं आहे.

आधी भांडणाची गोष्ट नीट शोधून काढा. समोरच्या क्लबाशी आपलं वैर आहे, एवढं सांगून आठ वर्षांच्या पोराला काही कळत नाही. ते कशावरून सुरू झालं हे त्याला हवं असतं, आणि बहुतेक ठिकाणी कारण ऐकण्यासारखं असतं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात एव्हर्टन क्लबवाले आधी अॅनफिल्ड मैदानावर खेळायचे. मैदानाच्या भाड्यावरून जागामालक जॉन होल्डिंगशी त्यांचं वाजलं, १८९२ मध्ये क्लब स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसनला निघून गेला, आणि रिकामं मैदान घेऊन बसलेल्या होल्डिंगने नवा क्लब काढला. तो लिव्हरपूल! इंटर मिलान १९०८ मध्ये एसी मिलानमधूनच फुटून निघाला, परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही या वादावरून. कोलकात्यात १९२० साली मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबाने शैलेश बोस यांना संघाबाहेर ठेवलं. त्या रागातून काही मंडळी बाहेर पडली आणि ईस्ट बंगाल उभा राहिला. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी डर्बी, आणि मुळाशी काय, तर एकाला खेळवलं नाही! हे पोरांना लगेच पटतं, कारण त्यांच्याही गल्लीत रोज हेच चालतं.

आपल्या क्लबची अशी गोष्ट जुन्या खेळाडूंकडून काढा. दोघातिघांना वेगवेगळं गाठा, कारण एकत्र बसवलं की सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस सांगेल तोच इतिहास होतो. सांगताना तीन मिनिटं, एक माणूस, एक जागा. ती जागा अजून शिल्लक असेल तर तिथे नेऊन सांगा. स्मरणिकेत छापलेला आमचा इतिहास एकाही पोराने वाचलेला नाही. जुन्या मैदानाचा खांब जिथे होता तो उंचवटा मात्र प्रत्येकाला ठाऊक आहे.

वयाचं म्हणाल तर सात ते दहा. त्याआधी पोर आईबापाच्या मांडीवर असतं, त्यानंतर मित्रांच्या ताब्यात जातं. अमेरिकेत २०१४ मध्ये फेसबुकवरच्या पसंतीवरून बेसबॉल संघांच्या चाहत्यांची वयं तपासली गेली होती. न्यूयॉर्क मेट्स हा संघ १९६९ आणि १९८६ मध्ये विजेता ठरला, आणि त्याचे पुरुष चाहते विशेष करून त्या वेळी सात-आठ वर्षांचे असलेले निघाले. हे ऐकून आमचे सेक्रेटरी म्हणाले, मग एकदा लीग जिंकू या म्हणजे झालं. जणू चषक दुकानात मिळतो. चषक आपल्या हातात नाही, समोरचे आपल्यापेक्षा चांगले खेळतात आणि पुढची काही वर्षं खेळतील. आपल्या हातात आहे ते काम देणं.

काम म्हणजे खरं काम. ‘पोरांनो, जोरात ओरडा’ हे काम नव्हे.

आमच्याकडे एक पोरगा यायचा, नऊ वर्षांचा, दाराशी नुसता उभा राहायचा. एकदा मी कॉर्नरचे चार झेंडे त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, लावून ये. नियम असा आहे की झेंड्याची काठी दीड मीटरपेक्षा कमी चालत नाही आणि तिचं टोक अणकुचीदार नसावं, म्हणजे कुणाला लागत नाही. हे मी त्याला सांगितलं. पुढच्या मॅचला तो स्वतः मोजपट्टी घेऊन आला. तीन काठ्या बरोबर, चौथी दोन बोटं आखूड. ती दहा वर्षं तशीच होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी नवी काठी कापली, टोक कानशीने घासून गोल करायला त्यालाच दिलं. काठी त्याच्या डोक्यावर वीतभर उंच जात होती.

मग डर्बी आली. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या विंगरला कॉर्नर मिळाला. धावायला जागा हवी म्हणून त्याने झेंडा उपटला आणि बाजूला टाकला. कॉर्नर घेताना झेंडा हलवायचा नसतो, तेही नियमात आहे. रेषेबाहेरून एक बारीक आवाज आला: “दादा, झेंडा हलवायचा नाही!” विंगरने वळून पाहिलं. रेफ्रींनी पोराकडे पाहिलं, मान डोलावली आणि विंगरला खूण केली. एवढा मोठा खेळाडू वाकून झेंडा परत खोचत होता आणि पोरगा दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होता. कॉर्नर वाया गेला, आम्ही हरलोही. पण त्या पोराला आता समोरचा क्लब सोन्याची जर्सी देऊ दे, तो हलणार नाही.

तर कामं शोधा. गोलफलकावरचे आकडे बदलणं, बिब मोजून घेणं, पंप आणि सुई सांभाळणं, सब म्हणजे बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आला ते टिपणं, मैदानाबाहेर गेलेला चेंडू आणणं. एक काम एकाच पोराला, पूर्ण सीझनभर. सगळ्यांना संधी मिळावी म्हणून दर आठवड्याला बदलायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण पाळीने फिरणारं काम कुणाचंच नसतं. कामं कमी पडली तर वाढवा. आमच्याकडे एक मुलगी फक्त दोन्ही गोलांच्या जाळ्यांच्या गाठी तपासते. गेल्या वर्षी जाळीतून चेंडू आरपार जाऊन गोल झाला की नाही यावर वीस मिनिटं भांडण झालं होतं, तेव्हा हे काम काही लुटुपुटीचं नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर, त्यांना ‘सोबत आलेली बहीण’ समजू नका. २०११ मध्ये फेनरबाचे क्लबच्या प्रेक्षकांनी धुडगूस घातला म्हणून तुर्कस्तानच्या फेडरेशनने शिक्षा केली, पण मैदान रिकामं ठेवण्याऐवजी फक्त बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट आत सोडलं. चाळीस हजारांहून जास्त जणी आणि मुलं आली. एवढी माणसं एका आठवड्यात कुठून उगवली? ती आधीपासून होतीच, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पोरांची नावं आणि कामं लिहायच्या आमच्या वहीत आज निम्मी नावं मुलींची नाहीत, आणि तो दोष माझा आहे.

खेळाडूंकडून फार अपेक्षा ठेवू नका. स्टार स्ट्रायकर मॅच संपली की मोबाइलमध्ये डोकं घालतो. उपयोगी पडतो तो राखीव गोलकीपर. त्याच्याकडे वेळ असतो, आणि त्यालाही कुणीतरी ओळखावं असं वाटत असतं. आमच्या कीपरला मी एवढंच सांगितलं होतं की दर मॅचला एका पोराचं नाव लक्षात ठेव आणि पुढच्या मॅचला त्याला नावाने हाक मार. स्वाक्षरी दिलेला कागद हरवतो. नावाने मारलेली हाक पोरगं घरी जाऊन तीनदा सांगतं.

आता माझ्या चुकीबद्दल. समोरच्या क्लबावर दोन ओळींची घोषणा मी रचली होती. यमक झकास जुळलं होतं, त्यांच्या गोलकीपरच्या अंगलटीवर होती, आणि पोरांनी ती अख्खा पहिला हाफ लावून धरली. हाफटाइमला माझ्या लक्षात आलं की बिब मोजणारा आमचा पोरगा गप्प बसलाय. विचारलं तर म्हणाला, “तो माझा मामा आहे.” मी काहीतरी सारवासारव केली. त्याने बिब मोजून, घडी घालून, नेहमीसारखे माझ्या हातात दिले. पुढच्या मॅचला तो आला नाही. दोन महिन्यांनी तो मला समोरच्या बाजूला दिसला, मामाच्या क्लबच्या जर्सीत. मी हात केला, त्यानेही केला.

दोन क्लब एवढे जवळ असतात तिथे प्रत्येक घरात एखादा मामा असतोच. स्कॉटलंडच्या डंडी शहरात दोन क्लबांची स्टेडियमं एकाच रस्त्यावर आहेत. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे तालमींच्या नावाचे संघ खेळतात, पण सोयरिकी काही तालीम बघून होत नाहीत. म्हणून पोरांच्या तोंडी द्यायची घोषणा एका कसोटीवर घासून बघा: मामासमोर ती म्हणता येईल का? आपल्या संघाबद्दलची असेल तर येते. चिडवाचिडवी हवीच, तिच्याविना डर्बीला चव नाही. मात्र ती गोलसंख्येवर ठेवा, अंगावर, आईवर आणि जातीवर नको. आणि मोठ्यांपैकी कुणी सुरू केलं तर पोरांच्या देखतच थांबवा. नंतर कोपऱ्यात नेऊन समजावलं तर पोरांना ते कळतच नाही.

यात भाबडेपणाही नको. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले. छोट्या मैदानावरही गेट एकच असतं आणि गर्दी एकदमच निघते. पोरांचं बसायचं ठिकाण गेटजवळ, मोठ्यांच्या घोषणाबाजीपासून दूर ठेवा. सोबत कायम दोन मोठी माणसं, एकटं कुणी नाही. पालकांचा नंबर वहीत. शेवटची शिट्टी झाली की पोरांना आधी बाहेर काढा किंवा गर्दी ओसरेपर्यंत बसवून ठेवा, आणि जे ठरेल ते मॅचच्या आधी पालकांना कळवा. फोटो टाकायचा तर त्यांना विचारून.

टीव्हीवरच्या क्लबांची धास्ती बाळगू नका. आमच्या पोरांतली निम्मी कुठल्या तरी युरोपातल्या क्लबची जर्सी घालून येतात. पूर्वी मी टोमणे मारायचो. आता म्हणतो, घाल बाबा, वरून आमचा बिब चढव. पोराला दोन्हींतून एक निवडायला लावलंत तर आपण हरणार, हे उघड आहे. टीव्हीवरच्या क्लबात त्याला झेंडा लावायला मात्र कुणी देत नाही.

समोरच्यांची पोरं फोडायचा उद्योगही करू नका. त्यापेक्षा त्यांच्या सामानखोलीवाल्याशी बोला. तोही तुमच्यासारखाच वैतागलेला असतो. आम्ही दोघांनी मिळून डर्बीच्या हाफटाइमला दहा मिनिटांची पोरांची मॅच ठेवली, निम्मे त्यांचे, निम्मे आमचे, मिसळून. चेंडू चार नंबरचा घ्या. पाच नंबर मोठ्यांचा. आठ-नऊ वर्षांच्या पायाला तो जड जातो, आणि मग अर्धी पोरं नुसती पळतात. पहिल्या वर्षी दोन्ही कमिट्यांनी नाकं मुरडली. दुसऱ्या वर्षी दोन्ही अध्यक्ष बक्षीस द्यायला हजर.

हरल्यानंतरचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि तेव्हाच मोठी माणसं रेफ्रीला शिव्या देत निघून जातात. पोरं मागे राहतात, त्यांना काय करावं ते कळत नाही. त्यांना समजावायला जाऊ नका. सामान आवरायला लावा. झेंडे, जाळ्या, बिब, चेंडू, मोजून आत. मोजता मोजता कुणीतरी बोलू लागतं, दुसरा गोल कुणाच्या चुकीने झाला यावर वाद पेटतो. त्यात पडू नका, आकडे लिहीत राहा.

आणि वही त्याच संध्याकाळी भरा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. नाव, काम, पालकांचा नंबर आणि शेवटी एक रकाना गैरहजेरीचा. सलग दोन मॅच न आलेल्या पोराच्या घरी फोन करायचा. मी तिसरीपर्यंत थांबायचो, बिबवाल्या पोरानंतर दोनवर आणलं. फोन पालकांना. ‘का आला नाही’ असं विचारू नका, आईला वाटतं काहीतरी तक्रार आहे. त्याचं काम सध्या कोण करतंय ते सांगा, आणि ते कसं चुकतंय तेही. पंपाची सुई हरवली असेल तर तीही सांगा. मागून पोराचा आवाज येतो: “कपाटाच्या वरच्या फळीवर बघा म्हणावं, डबीत आहे.”